साताऱ्यातील हजामत

केस पाण्याने पुरते मऊ करावेत, वस्तऱ्याला चामड्यावर नीट धार लावावी, कातडी ताणून हलक्या हाताने केसांच्या दिशेने तो फिरवावा, म्हणजे आग होत नाही. हे कसब पिढ्यान्‌पिढ्या न्हाव्याच्या धोकटीत राहिले.

१९००च्या सुमारास साताऱ्यात न्हाव्यांची वाण नव्हती. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळांपाशी हजामतीपुरते पैसेही होते. परंतु मुले महारांची! त्यांच्या डोक्याला हात लावण्यास एकही न्हावी राजी होईना. अखेर थोरली बहीणच भावांची हजामत करू लागली. कोणी शिकवलेले नाही. त्यांच्याच डोक्यांवर हात बसवत ती तरबेज झाली. त्यांतील धाकट्या भीमरावाने, म्हणजेच डॉ. आंबेडकरांनी, पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये तिच्या या कौशल्याची आवर्जून नोंद केली.