रापणीचा दोर आणि एकटा कोळी

हेमिंग्वेच्या १९५२ सालच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' या कादंबरिकेचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद 'एका कोळियाने' वर्गात चर्चेला घेतला की पहिला तास शीर्षकावरच जातो. जाळे विणणारा कोळी आणि जाळे टाकणारा कोळी हा श्लेष पुण्याच्या मुलांना चटकन कळतो. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरून निराळाच प्रश्न आला. विद्यार्थी मालवणकडचा. ‘‘सर, हा म्हातारा एकटाच का जातो? आमच्याकडे मासा अख्खा गाव ओढतो.’’

म्हातारा एकटा जातो, कारण मासा न मिळाल्याचे चाळीस दिवस झाल्यावर सोबतच्या पोराला त्याच्या आईबापांनी दुसऱ्या होडीवर धाडलेले असते. हे उत्तर मी दिले. पण प्रश्न त्याने संपला नाही. पुढे एका भाद्रपदात, म्हणजे त्या म्हाताऱ्याच्याच सप्टेंबरात, मालवणच्या दक्षिणेला एका किनाऱ्यावर जाऊन मी रापण पाहिली.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे महाजाल. गोव्यात तिला रांपण म्हणतात आणि ती ओढणाऱ्यांना रांपणकार. नारळी पौर्णिमा झाली, समुद्राचा जोर ओसरला, की पावसाळ्याने ढवळलेल्या पाण्यात सूक्ष्म जीवांची रेलचेल होते आणि त्यांच्या मागे बांगडा, तारली थव्याथव्याने काठाशी येतात. जाणता माणूस वाळूत उभा राहून पाण्याचा बदललेला रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी पाहतो. त्याने खूण केली की दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी निघते, अर्धवर्तुळाकार जाळे सोडीत जाते आणि दुसरे टोक दूरवर पुन्हा काठाला आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसे लागतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. या सगळ्याला काही तास लागतात. माझ्या तळहातांना अर्ध्या तासातच पुरे झाले होते.

मला महत्त्वाची वाटली ती वाटणी. जाळे एका धन्याचे नसते. भागीदारांचे तुकडे जोडून ते उभे राहते. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा असा हिशेब वाळूतच होतो आणि दोराला हात लावलेल्या वाटसरूच्या पदरातही चार मासे पडतात. भांडणे होत नाहीत असे नव्हे. माझ्यासमोरच एका वाट्यावरून चांगली वादावादी झाली. पण भांडणसुद्धा सगळ्यांसमोर होते.

या पद्धतीत एक दुबळेपणा आहे आणि तिचा सारा आधुनिक इतिहास त्यातूनच घडला. रापण माशाचा पाठलाग करू शकत नाही. मासा काठाशी येईल तेव्हाच ती चालते. गोव्यात १९६० नंतरच्या दशकात सरकारी उत्तेजनाने ट्रॉलर आले, कोळंबीची निर्यात वाढली आणि यंत्राची जाळी थेट काठालगतचा तळ खरवडू लागली. १९७० नंतरच्या दशकात रांपणकार रस्त्यावर उतरले. मातान्ही साल्ढाणा यांचे नेतृत्व त्यातूनच पुढे आले आणि देशभरातल्या पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनेलाही या लढ्याने बळ दिले. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा. यंत्राला काठापासून दूर ठेवण्याचे तत्त्व कायद्यात आले ते असे, दोर ओढणाऱ्यांच्या रेट्याने.

पुढे पर्ससीन आली. ती थव्यालाच समुद्रात वेढते. काठाला यायला मासा उरतच नाही. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने मोकळे ठेवले. निर्बंध म्हणून ते स्वागतार्हच. पण रापणीचे ऐन महिनेही तेच, हा विपर्यास किनाऱ्यावर कोणीही बोलून दाखवतो. प्रखर दिव्यांनी मासा ओढून घेण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली आणि २०२१ मध्ये राज्याने आपल्या कायद्यातले दंड वाढवले. अंमलबजावणीविषयी मात्र तक्रार कायम आहे.

आता आपल्या साहित्याकडे. हेमिंग्वेची कादंबरिका आली त्याच साली श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' प्रसिद्ध झाली. तिच्यातले कोकण सुपारीचे, वाडीचे, घराण्यांचे आहे. त्या मानदंडाखाली मराठी कादंबरीतले कोकण पुष्कळ काळ डोंगराकडे तोंड करून बसले. मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' (१९६९) पाण्याकाठची खरी. पण ती महानगराच्या झोपडपट्टीची कथा. मल्याळममध्ये तकळींच्या 'चेम्मीन'ने १९५६ मध्येच कोळीवाडा कादंबरीच्या केंद्रस्थानी आणला होता. आपल्याकडे तसे ठळक नाव पटकन ओठांवर येत नाही, हे कबूल करावे लागते.

कारण केवळ लेखकांच्या जातीवर्गात शोधण्याची घाई करू नये, जरी तेही आहेच. कादंबरी हा प्रकार आपण एका नायकाचा मानला. त्याला एकटा कोळी सोयीचा. साठ माणसांचा एक दोर अडचणीचा. रापणीत नायक कोण? खूण करणारा, की दोराच्या शेवटी उभी असलेली आणि संध्याकाळी टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी बाई?

त्या विद्यार्थ्याने सत्राअखेरच्या निबंधात म्हाताऱ्याची तुलना आपल्या आजोबांशी केली होती. म्हाताऱ्याचा मासा शार्कांनी खाल्ला, आमचा वाट्यात संपतो, असे त्याने लिहिले होते. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. मी गुण पूर्ण दिले.