अतिरिक्त लोहाचा निचरा : परळच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
लोहाची कमतरता हा भारतीय आरोग्याच्या इतिहासातील बहुचर्चित विषय आहे. 1970 साली केंद्र शासनाने रक्तक्षय प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि लोहाच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या. मुंबईत परळ येथील के. ई. एम. (1926) व वाडिया बालरुग्णालय (1929) यांसारख्या संस्थांसमोर मात्र नेमका उलट प्रश्नही उभा होता. थॅलेसेमिया मेजर या आनुवंशिक विकाराच्या बालकांना जगविण्यासाठी वारंवार रक्त द्यावे लागते आणि त्या रक्तातील लोह शरीरात साचत जाते. हे लोह नैसर्गिक मार्गाने कमी होऊ शकते काय, याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लोहाचा हिशेब :
प्रौढ शरीरात सुमारे 3 ते 4 ग्रॅम लोह असते. रोज जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम लोह बाहेर पडते. जादा लोह उत्सर्जित करण्याची स्वतंत्र यंत्रणा शरीरात नाही, हे मॅकान्स व विडोसन या ब्रिटिश संशोधकांनी 1937 साली मांडले. रक्ताच्या एका पिशवीत 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे एका पिशवीतील लोह बाहेर पडण्यास काही महिने लागावेत, आणि रुग्णाला तर तीन-चार आठवड्यांनी नवी पिशवी लागते. साचलेले लोह यकृत, अंतःस्रावी ग्रंथी व हृदय निकामी करते.

पारंपरिक व घरगुती उपाय :
सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षण व जळवांचा प्रयोग सविस्तर वर्णिला आहे. हिमोक्रोमॅटोसिस या विकारात रक्त काढणे हाच आजही मुख्य उपचार आहे; परंतु ज्याला मुळात रक्तच कमी, त्या थॅलेसेमियाच्या बालकाला तो लागू पडत नाही. आहाराचा मार्ग अधिक जवळचा. जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने या रुग्णांतील लोहशोषण घटते, हे 1979 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. लोखंडी कढई टाळणे, जेवणासोबत लिंबू-आवळा न घेणे हेही त्याच जातीचे उपाय होत. मात्र ते अन्नातून येणारे लोह रोखतात. रक्तातून आलेले लोह काढू शकत नाहीत.

सुईपासून गोळीपर्यंत :
1960 च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये मातीतील सूक्ष्मजीवापासून डेस्फेरिऑक्झमिन हे लोह बांधून बाहेर नेणारे औषध मिळाले. ते पंपाद्वारे त्वचेखाली आठवड्यातून पाच-सहा रात्री, प्रत्येक वेळी 8 ते 12 तास द्यावे लागे. त्याचा खर्च बहुसंख्य भारतीय पालकांच्या आवाक्याबाहेर होता. त्यामुळे इंग्लंडमध्ये शोधलेल्या डेफेरिप्रोन या तोंडावाटे घेण्याच्या औषधाला येथे विशेष महत्त्व आले. मुंबईचे रक्तविकारतज्ज्ञ डॉ. एम. बी. अगरवाल व सहकाऱ्यांनी त्याच्या भारतीय चाचणीचे निष्कर्ष 1992 साली प्रसिद्ध केले. 1995 साली, तेव्हा मुंबई सेंट्रल येथे मुख्यालय असलेल्या सिप्ला कंपनीने ते 'केल्फर' या नावाने बाजारात आणले. युरोपात त्यास 1999 साली, तर अमेरिकेत 2011 साली मान्यता मिळाली. सांधेदुखी व पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्याने या औषधासोबत नियमित रक्ततपासणी अनिवार्य ठरली.

याच परिसरात 1957 साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेल्या व पुढे राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था बनलेल्या संस्थेने वाहक-तपासणी व गर्भजल-निदानाचे कार्य केले. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली आदी समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक असल्याने मुंबईत या कार्यास विशेष महत्त्व आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्वयंपाकघर लोहाची आवक कमी करू शकते; निचरा मात्र औषधानेच होतो. 'नैसर्गिक' उपायावर विसंबून औषध थांबविणे बालकाच्या हृदयावर बेतू शकते. तसेच वाहक व्यक्तीचा सौम्य फिकेपणा लोहाची कमतरता समजून तपासणीविना लोहाच्या गोळ्या देणेही अयोग्य ठरते. विवाहापूर्वीची साधी रक्ततपासणी हा या प्रश्नावरील सर्वांत मूलगामी उपाय होय, आणि महाविद्यालय हे त्या जागृतीचे स्वाभाविक स्थान आहे.