१९९९, हाफ रिटर्न

“१९९९ ला येणार का?” तुम्ही विचारता. रिक्षावाला आधी तुमच्याकडे बघतो, मग मीटरकडे. “तिकडून परतीचं भाडं मिळत नाही. हाफ रिटर्न पडेल.” पुण्यातला रिक्षावाला ‘नाही’ म्हणाला नाही, म्हणजे विज्ञानकथा सुरू झाली असं समजा आणि बसा. पैसे तो आधीच घेतो, क्यूआर कोड पुढे करून. तो शहाणा का, ते तुम्हाला लवकरच कळणार आहे.

उतरता ते अलका टॉकीजच्या चौकात. ३१ डिसेंबर १९९९, शुक्रवार, दुपार. लूना, बजाज आणि कायनेटिकचा निळा धूर घशाशी येतो. एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमध्ये एक बाई अमेरिकेतल्या मुलाशी बोलताहेत, पण त्यांची नजर समोरच्या लाल आकड्यांवरून हलत नाही. शेजारच्या सायबर कॅफेत मोडेम किंचाळतो, गप्प होतो आणि मालक आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडतो, “फोन कुणी उचलला?” इथे इंटरनेट म्हणजे विदेश संचार निगम. बीएसएनएल जन्माला यायला अजून नऊ महिने आहेत.

तुमच्या फोनला रेंज नाही. असती तरी उपयोग नव्हता, कारण या काळात येणाऱ्या कॉललाही पैसे पडतात. तुमची सगळी श्रीमंती त्या फोनमध्ये आहे, आणि बाहेर तुम्ही कफल्लक. टिळक रस्त्यावरच्या अमृततुल्यात चहा पिऊन झाल्यावर पाकिटातली करड्या रंगाची पाचशेची नोट काढता. मालक ती उलटसुलट करतो, मागचा लाल किल्ला बघतो आणि परत देतो. “व्यापाराच्या डावातली दिसते. खरी द्या.”

शेजारच्या बाकावरचे काका मध्ये पडतात. “राहू द्या हो, यांचा चहा माझ्याकडे.” बँकेतून निवृत्त झालेला माणूस, उपकार फुकट करणार नाही. “त्या बदल्यात सांगा, पुढचं वर्ष कसं जाणार? सगळे सांगताहेत, तुम्हीही सांगा. आणि नवं शतक उद्यापासून सुरू होतं असं मात्र म्हणू नका. ते २००१ पासून. मी संपादकांना दोनदा कळवलंय.”

कोपऱ्यातल्या टीव्हीवर कंदाहारच्या धावपट्टीवर उभं असलेलं, अपहरण झालेलं भारतीय विमान आहे. ओलीस आज सुटतील असं म्हणतात. तेवढ्यापुरतं दुकान गप्प होतं, मग पुन्हा वायटूके.

वायटूके म्हणजे काय, हे या दुकानातल्या प्रत्येकाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पूर्वी संगणकाची मेमरी महाग होती, म्हणून वर्षाचे दोनच आकडे साठवले. आज रात्री ९९ नंतर ०० येणार आणि यंत्राला ते १९०० वाटणार. व्याज उणे होईल, विमानं पडतील, लिफ्ट अडकतील, अशी भाकितं वर्षभर चालली आहेत. काकांनी कालच पासबुक छापून आणलंय. जगभरातला दुरुस्तीचा खर्च ३०,००० ते ६०,००० कोटी डॉलर येईल, असा गार्टनर या संस्थेचा अंदाज होता. त्यातला थोडा हिस्सा पुण्यातही उतरला आहे. समोर बसलेल्या तरुण इंजिनिअरचा रूममेट आज रात्रपाळीला आहे. बारा वाजता काहीही झालं नाही की त्याने अमेरिकेला ‘काहीही झालं नाही’ एवढं कळवायचंय.

तरुणाकडे मात्र योजना आहे. अमेरिकेतल्या मराठी माणसाला पुरणपोळी पुरवणारं पोर्टल. बी-टू-सी आहे, पुढे बी-टू-बी होईल.

“नफा कधी?” काका विचारतात.

“काका, नफा नाही विचारायचा. आयबॉल्स विचारायचे. हिट्स विचारायचे.”

“बरं, हिट्स किती?”

“अजून साइट व्हायचीय.”

हसू नका. महिन्याभरापूर्वीच सत्यम इन्फोवेने मुंबईच्या राजेश जैन यांची इंडियावर्ल्ड घ्यायचं जाहीर केलंय. समाचार, खोज, खेल, बावर्ची अशी पोर्टलं, आणि किंमत ४९९ कोटी रुपये. “बाटाच्या चपलेवर असते तशी किंमत,” काका म्हणतात. त्या आधी १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने सबीर भाटियांचं हॉटमेल घेतलं होतं, आणि भाटिया लहानपणी पुण्याच्या बिशप्स शाळेत होते, हे तुम्हाला या दुकानात तिघांनी तरी सांगून झालंय. इन्फोसिसचा विषय निघाला की मात्र चेहरे उतरतात. १९८१ मध्ये ती इथेच सुरू झाली, मॉडेल कॉलनीत. १९८३ मध्ये बंगळूरला गेली आणि यंदाच्या मार्चमध्ये नॅसडॅकवर पोचली. “गेली नसती तर अजून मॉडेल कॉलनीतच असती,” असं एक गृहस्थ म्हणतात. हे दुःख आहे की समाधान, ते त्यांच्या आवाजावरून कळत नाही.

आता तुमची पाळी. तुमच्याकडे बुद्धी नसली तरी माहिती आहे, म्हणून तुम्ही नुसतं खरं सांगत सुटता. दहा दिवसांत डायल-अप इंटरनेट विकणारी एओएल ही कंपनी टाइम वॉर्नर घ्यायचं जाहीर करेल. हशा. मार्चमध्ये नॅसडॅक ५,००० च्या वर जाईल आणि तिथून अडीच वर्षं खाली येत राहील. तरुण तुमच्याकडे दयेने बघतो. मे महिन्यात जगभरच्या ऑफिसांना ईमेलने एक प्रेमपत्र येईल, लोक ते उघडतील आणि संगणक आजारी पडतील. मोठा हशा; काका म्हणतात, या वयात मला कोण लिहितंय. येणारा कॉल फुकट होईल. अमृततुल्य चहाच्या साखळ्या निघतील आणि लोक फ्रँचायझीसाठी लाखो रुपये भरतील. मालक गल्ल्यावरून उठून तुम्हाला बघायला येतो. मंडईतली भाजीवाली फोनवर पैसे घेईल. चितळे बंधूंचं दुकान दुपारी एक ते चार उघडं राहील.

काका कप खाली ठेवतात. “आतापर्यंत करमणूक चालली होती. आता तुम्ही थट्टा करताय.”

(चितळ्यांनी ते २०१७ मध्ये केलं. बाकीचंही सगळं झालं. पण त्या बाकावर खरी भाकितं विनोदात जमा झाली आणि पुरणपोळीचं पोर्टल ‘व्हिजन’मध्ये.)

तरुण तुम्हाला कुमठेकर रस्त्यावर ओढून नेतो. सदाशिव पेठेत, शिवलीला चेंबर्समध्ये, पुणे शेअर बाजार आहे, १९८२ पासूनचा. खाली फुटपाथवर माणसं थांबली आहेत. हिमाचल फ्युचरिस्टिक, ग्लोबल टेले, सिल्व्हरलाइन, डीएसक्यू ही नावं लोक घरच्या मुलांसारखी घेताहेत. कुठली कंपनी काय बनवते, हा प्रश्न इथे विचारायचा नसतो. नावाच्या शेवटी ‘इन्फोटेक’ लावलं की भाव वाढतो, मग कारखान्यात साबण होत असला तरी चालतं. तुम्ही हळूच “विका” म्हणता. दोघं वळून बघतात आणि आणखी शंभर घेतात.

पुढचं थोडक्यात. त्या रात्री बारा वाजले, दिवे गेले नाहीत, लिफ्ट चालू राहिल्या. फेब्रुवारी २००० मध्ये एका दिवशी सेन्सेक्स ५,९३३ वर बंद झाला. सप्टेंबर २००१ मध्ये तो २,६०० वर होता. तोवर याच शेअरांचे भाव चढवणारे दलाल केतन पारेख यांना अटक होऊन गेली होती. पुणे शेअर बाजार २०१५ मध्ये रीतसर बंद झाला. कुमठेकर रस्त्यावर आज तुम्ही कपडे घ्यायला जाता.

पण निघायच्या आधी मंगळवार पेठेत एक चक्कर मारा. कैलाश काटकर नावाच्या गृहस्थांनी इथे कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. दुकानात संगणक दुरुस्तीला यायला लागले, त्यांना व्हायरस लागलेला असायचा, म्हणून धाकटे बंधू संजय यांनी त्यावर औषध लिहिलं. तेच क्विक हील. डिसेंबर १९९९ च्या कुठल्याही भाकितात हे दुकान नाही. इथे व्हिजन नव्हतं, गिऱ्हाईक होतं. आणि प्रेमपत्राच्या मे महिन्यात गिऱ्हाईक कमी पडणार नव्हतं. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये सुरू केलेली पर्सिस्टंटही अशीच; डॉटकॉमच्या वरातीत ती कुठे पुढे नाचताना दिसत नाही.

आणि दुसरं बुडालं नाही ते म्हणजे क्लास. लक्ष्मी रोडकडे जाताना एका भिंतीकडे नीट बघा. ‘कोबोल शिका, अमेरिकेला जा’ यावर चुना मारलाय, पण अक्षरं खालून दिसतात. वर ताज्या निळ्या रंगात ‘ई-कॉमर्स, नोकरीची हमी’. काही महिन्यांनी तिथे ‘जावा’ येईल. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन होऊन एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची पाटी गावोगाव लागेल आणि लाखो मुलं माऊस धरायला शिकतील. हे झालं ते बरंच झालं. कारण त्या मुलांना कुणी कोट्यधीश करतो म्हटलं नव्हतं, टाइप करायला शिकवतो म्हटलं होतं. बाकी भिंतीवर पुढे डेटा सायन्स, ब्लॉकचेन, सगळे येऊन गेले. माझं मत विचाराल तर पुण्यातल्या तंत्रज्ञानाचा खरा इतिहास अशा भिंती खरवडूनच लिहायला हवा.

रिक्षा पुढे काढा, येत्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला. हाफ रिटर्न नाही, कारण तिकडे सगळ्यांनाच जायचंय.

तुमच्या सोसायटीच्या सचिवांनी एआयकडून चार पानी नोटीस लिहून घेतली आहे. सभासदांच्या एआयने ती आटोपून ‘उद्या पाणी नाही’ एवढी केली आहे. एका सभासदाच्या एआयने आपण होऊन उत्तर दिलंय, ‘मनःपूर्वक अभिनंदन.’ त्यावर तीसजणांच्या एआयने हात जोडले आहेत. टँकर कुणीच सांगितलेला नाही.

दहा मिनिटांत कोथिंबीर पोचवणारी एक कंपनी आता सहा मिनिटांवर आली आहे. वाकडहून हिंजवडीला सहा मिनिटांत कोणीच पोचत नाही, म्हणून तिने इमारतीच्या तळमजल्यावरच दुकान काढलं, काउंटरला एक माणूस बसवला, आणि तो ओळखीच्यांना उधार देतो. या क्रांतिकारक शोधावर तिला मोठा निधी मिळालाय. शोधासाठी जागा हवी म्हणून तिथला वाणी मागच्याच वर्षी उठवला होता.

लग्न जुळवणाऱ्या साइटवर दोन्हीकडच्या एजंटांनी पत्रिका, पगार, कार्यालय आणि केटररही ठरवून टाकलाय. मुलाला आणि मुलीला तेवढं कळवायचं राहिलंय. एका सरकारी कार्यालयाने चॅटबॉट बसवला. त्याला कार्यालयाच्या वीस वर्षांच्या कामकाजावर तयार केलंय, त्यामुळे तो प्रत्येक प्रश्नाला ‘साहेब जेवायला गेलेत, उद्या या’ असं अचूक उत्तर देतो.

पुरणपोळीचा तरुण आता पन्नाशीचा आहे. तो ‘एआय-नेटिव्ह पुरणपोळी’ काढतोय. तुम्ही नफ्याचं विचारता. तो म्हणतो, “नफा नाही विचारायचा. टोकन विचारायचे.” या वेळी तुम्हीही त्याच्यात थोडे पैसे टाकता, कारण शेजाऱ्याने टाकलेत.

ही भाकितं कापून ठेवा आणि वर्षअखेरीला तपासा. चुकतील ती मला कळवा. खरी ठरतील त्यांबद्दल न कळवलंत तरी चालेल. मधल्या काळात तुमची मुलं एआयच्या क्लासला नाव घालायचं म्हणाली तर घाला, पण फी हप्त्याने भरा, पावती घ्या आणि पाटीचा रंग वाळलाय का, ते आधी बोट लावून बघा.