बियाण्याची साक्ष

कायदेभंग आमच्या वडूजला नवा नाही. ९ सप्टेंबर १९४२ च्या मोर्चात येथे परशुराम घार्गे गोळीबाराला बळी पडले. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी तणनाशकाने न मरणारी, परवानगी नसलेली कपाशी उघडपणे पेरली. पण मोर्चाचा झेंडा दिसतो, जनुक दिसत नाही. २६ मार्च २००२ रोजी मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीशेजारी ही उभी केली, तर जाणत्यालाही ओळखू येणार नाही. बी वा पान कुटून द्रावणात चाचणीची पट्टी बुडवावी. रेघ उमटली, की जनुकाने घडविलेले प्रथिन सापडले. ही पट्टी तपासनिसाइतकीच शेतकऱ्याच्या हाती, पेरणीपूर्वी हवी. चोरट्या पाकिटाला पावती नसते. पीक बुडाल्यावर दाद कोणाकडे मागणार?