टेकडीचे नाव

श्रोतेहो, मद्याचा विषय म्हणून कपाळाला आठी घालू नका. ही मुळात द्राक्षे पिकविणाऱ्यांची गोष्ट आहे. उत्तर इटलीतील बार्बारेस्को गावच्या उतारांवर नेब्बिओलो जातीची द्राक्षे होतात. त्यांची तांबडी वाइन कोवळेपणी तुरट. वर्षानुवर्षे मुरल्यावरच ती निवळते. लहान शेतकऱ्याला एवढा धीर परवडावा कसा? 1894 साली दोमित्झिओ कावात्झा या शिक्षकाने नऊ बागाईतदारांची सहकारी संस्था काढली. फॅसिस्ट राजवटीत ती बंद पडली. 1958 साली गावच्या पाद्र्याने एकोणीस शेतकरी पुन्हा जमविले. पहिल्या तीन हंगामांची वाइन देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, तळघरात झाली! 1967 पासून चांगल्या सालची वाइन टेकडीनिहाय वेगळी भरू लागले. आझीली, राबाया अशी टेकड्यांची नावे बाटलीवर आली. (आपल्या काटोल-नरखेडच्या संत्र्याला मात्र बाजारात नागपूरचेच नाव.) साल बेताचे निघाले, तर सर्वांचा माल एकत्र. ही एकी मला वाइनपेक्षा मोलाची वाटते.

सोलापूर जिल्ह्यातील अकलूज म्हणजे शंकरराव मोहिते-पाटलांच्या सहकाराचे गाव. तेथे ऊस सहकारी कारखान्यात गेला. वाइनची द्राक्षे मात्र 2007 च्या सुमारास निघालेल्या 'फ्रातेल्ली' या खाजगी कंपनीकडे. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ: दोन इटालियन, दोन सेखरी, दोन मोहिते-पाटील. सातवे तस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी. म्हणून मुरविण्याजोग्या तांबड्या वाइनचे नाव 'सेत्ते', अर्थात सात. आपल्या हवेत वेल वर्षातून दोनदा छाटावा लागतो, एप्रिलात आणि पावसाळा सरताना. ती कात्री चालविणारे या सातांत धरलेले नाहीत.