बिघडलेल्या अक्षरांची गोष्ट

नाशिक जिल्ह्यातील वणी हे गाव सप्तशृंगीच्या गडाच्या पायथ्याशी, दिंडोरी तालुक्यात आहे. तेथील एका निवृत्त गुरुजींचा गेल्या उन्हाळ्यात आम्हाला निरोप आला. घरचा जुना संगणक सुरू होत नाही आणि त्याच्या पोटात शाळेच्या पावसाच्या नोंदी अडकल्या आहेत, असे ते म्हणत होते. १९९८ ते २००६ अशी नऊ वर्षे त्यांच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या आवारातील पर्जन्यमापकावर रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजला होता. (साडेआठ हीच वेळ का? भारतातील हवामान केंद्रांवर दिवसाचा पाऊस त्याच वेळी मोजतात, म्हणून.) मूळ वह्या पुढे एका पावसाळ्यात छपराच्या गळतीने भिजून गेल्या. पावसाच्या नोंदी पावसानेच नेल्या. उरली ती फक्त गुरुजींनी घरी बसून, भारनियमन सांभाळत टंकलिखित केलेली प्रत.

संगणकाचा बिघाड तसा साधा निघाला. बटण दाबले की पंखा फिरे, पडदा काळाच राही आणि आतून तीनदा ‘बीप’ असा आवाज येई. असा आवाज बहुधा स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या पट्टीची तक्रार सांगतो. वीज पूर्ण तोडून, हात एकदा धातूच्या सांगाड्याला लावून आम्ही पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेत वापरतात ते साधे खोडरबर फिरवले, भुगा झटकला आणि दोन्ही बाजूंनी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत ती परत दाबून बसवली. पडदा उजळला. घड्याळ मात्र कित्येक वर्षे मागचे दाखवत होते. त्याला कारण मुख्य पाटीवरची तीन व्होल्टची, रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी. ती संपली की संगणकाला तारीख आठवत नाही. ती बदलणे हे टॉर्चचे सेल बदलण्याहून अवघड नाही.

पुढचा अडथळा मोठा होता. विंडोज एक्सपी अर्ध्यावर अडकत होते. अशा वेळी ‘सगळे पुसून नव्याने भरू’ असा सल्ला दुकानात मिळतो आणि त्यात फायलीही जातात. वास्तविक प्रणाली बिघडली म्हणजे तबकडी बिघडली असे नव्हे. आम्ही पपी लिनक्स नावाची छोटी मुक्त प्रणाली सीडीवरून चालवली. ती तबकडीला हात न लावता केवळ स्मृतीत उभी राहते. तिच्यातून गुरुजींचा सारा कप्पा दिसला आणि दहा मिनिटांत पेनड्राइव्हवर उतरला. बिघडलेल्या संगणकावर काहीही दुरुस्त करण्याआधी प्रत काढावी, एवढा एकच नियम पाळला तरी घरोघरचे निम्मे दुःख टळेल असे आमचे मत आहे.

गुरुजींना हायसे वाटले. पण पहिली फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. तारखा आणि मिलिमीटरचे आकडे दिसत होते, पण त्यांच्याशेजारच्या ‘शेरा’ या रकान्यात मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक रांगा होत्या. आता कोणी म्हणेल, आकडे तर आहेत, मग शेऱ्यांचे काय एवढे? प्रश्न शून्याचा होता. एखाद्या दिवशी शून्य लिहिले असेल, तर त्याचा अर्थ पाऊस पडला नाही असा होतो की कोणी मोजला नाही असा? हे शेराच सांगणार. तो नसेल तर नऊ वर्षांची बेरीज कोणत्याही अभ्यासकापुढे ठेवता येत नाही.

ही अक्षरे बिघडली कशी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, फक्त क्रमांक कळतात. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर मानायचे याचा करार १९६३ साली अमेरिकेत झाला. ‘आस्की’ या नावाच्या त्या कोष्टकात १२८ घरे होती आणि ती इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे व काही आज्ञा यांनी भरली होती. देवनागरीला त्यात जागा नव्हती. भारतात यावर सरळ मार्गाने काम सुरू झाले ते कानपूरच्या आय.आय.टी.त. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले ‘जिस्ट’ तंत्र १९८८ मध्ये पुण्यात नव्याने स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले. संगणकात एक कार्ड बसवले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे कोष्टक प्रमाण ठरवले. त्यात २५६ घरे होती. पहिली १२८ आस्कीची, उरलेल्यांत भारतीय अक्षरे. सर्व भारतीय लिप्यांतील ‘क’ला एकच घर देण्याची त्यातली कल्पना आजही आम्हाला फार देखणी वाटते.

पण बाजार वेगळ्याच वाटेने गेला. मराठी टंकलेखकांची बोटे टंकलेखन यंत्रावर तयार झालेली होती. यंत्रावर अक्षर सबंध नसते, तुकड्यांनी जुळवावे लागते. ‘ग’चा अर्धा भाग, मग काना. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, ‘क’ नंतर. विंडोज आल्यावर अनेक कंपन्यांनी हेच तुकडे इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवून टंक विकायला काढले. उत्तर भारतात गाजलेल्या कृतिदेव टंकात ‘राम’ हा शब्द जे, के, ई या तीन इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठतो. ‘जे’च्या घरात ‘र’चे चित्र, ‘के’च्या घरात काना, ‘ई’च्या घरात ‘म’. संगणकाच्या दृष्टीने ते इंग्रजीच. आपल्याला राम दिसतो तो केवळ मुखवट्यामुळे, आणि मुखवटा निघाला की उरते जे-के-ई. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. एकीच्या टंकातले पत्र दुसरीच्या टंकात वाचता येत नसे. कित्येक मराठी आज्ञावल्यांबरोबर संगणकाच्या मागे खोचायचे एक कुलूपही मिळे. ते हरवले की आज्ञावली मुकी.

गुरुजींचे नेमके हेच झाले होते. आज्ञावली कोणत्या कंपनीची होती ते येथे सांगण्याचे कारण नाही. त्या काळी बहुतेकांचा रिवाज तोच होता.

याच सुमारास जगात दुसरीकडे वेगळा विचार मूळ धरत होता, आणि गंमत म्हणजे त्याचा उगमही एका बिघाडातच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी.च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर मुद्रक आला. त्यात कागद अडके. जुन्या मुद्रकाच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन यांनी एक सोय करून ठेवली होती. कागद अडकला की ज्यांची छपाई खोळंबली आहे त्यांच्या पडद्यावर तसा संदेश जाई. तीच सोय नव्या मुद्रकात करायची, तर त्याच्या आज्ञावलीची मूळ संहिता हवी. ज्यांच्याकडे ती होती त्यांनी गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. हा नकार स्टॉलमन विसरले नाहीत. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९८९ मध्ये तिचा परवाना आला. आज्ञावली चालवावी, तिची संहिता अभ्यासावी, तिच्या प्रती वाटाव्या, ती बदलून बदललेली प्रतही वाटावी अशी मुभा तो देतो. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि या प्रयत्नाला हृदय मिळाले. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ यांना एकच शब्द असल्याने स्टॉलमन यांना आयुष्यभर खुलासे करावे लागले. मराठीत दोन शब्द आहेत, हे आपले भाग्य. वर्गात शिकवताना ते जपून वापरावेत.

अक्षरांच्या गोंधळावरचा उतारा ‘युनिकोड’ हा होता. त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालचीच. देवनागरीची मांडणी त्याने इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली, म्हणजे कानपूर आणि पुण्याचे काम वाया गेले नाही. त्यात ‘र’चा क्रमांक २३५२, कान्याचा २३६६, ‘म’चा २३५०. हे घर जगात दुसऱ्या कोणत्याही अक्षराचे नाही. ‘कि’ साठवताना ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. वेलांटी डावीकडे नेऊन काढण्याचे काम टंकाचे.

कोष्टक झाले तरी टंक हवे होतेच. र. कृ. जोशी हे सुलेखनकार मुंबईच्या आय.आय.टी.त शिकवत. विंडोजमधील ‘मंगल’ त्यांनी रेखाटला आणि मुंबईच्या एन.सी.एस.टी. या संस्थेसाठी ‘रघू’ हा टंकही. ‘रघू’ मुक्त परवान्याखाली खुला झाला. २००० सालाच्या आसपास ‘इंडलिनक्स’च्या स्वयंसेवकांनी लिनक्समध्ये भारतीय भाषा आणण्याचे काम हाती घेतले. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ ही टंकमाला मुक्त केली (लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या नावावरचा श्लेष उघड आहे). मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, तेव्हा पुष्कळ घरांतल्या विंडोज एक्सपीवर तो वाचण्यासाठी प्रादेशिक भाषांच्या खिडकीत एक खूण करून मूळ सीडी घालावी लागे. त्या एका खुणेअभावी कितीतरी लोकांनी ‘मराठी संगणकावर चालत नाही’ असा निष्कर्ष काढला असेल!

आपल्या भाषेच्या बारीक गरजा मात्र मागाहून पुऱ्या झाल्या. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःचे घर मिळाले ते २००८ साली. तोवर कोणी ‘अ’वर चंद्र काढे, कोणी हिंदीचा ‘ऍ’ वापरे. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील फरक मराठी माणसाला जेवणाच्या पंगतीत कळतो, पण संगणकाला तो वेगळा शिकवावा लागला.

तेव्हा पडद्यावर मराठी बिघडलेली दिसली, तर ती कशी बिघडली आहे ते आधी पाहावे. सरळ इंग्रजी अक्षरांच्या रांगा असतील तर जुन्या टंकाचा मुखवटा निघाला आहे. रिकाम्या चौकटी दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त देवनागरी टंक नाही. तो बसवला की काम झाले. वेलांटीच्या शेजारी ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर बहुधा कळा चुकीच्या क्रमाने दाबल्या आहेत. आणि टोपी घातलेली युरोपीय अक्षरे पुन्हापुन्हा येत असतील, तर युनिकोड मजकूर भलत्याच कोष्टकाने वाचला जात आहे. तेथे फाइल उघडताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा. (ही पद्धत १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका खानावळीत जेवणाच्या ताटाखालच्या कागदावर मांडली.) यांपैकी कोणत्याही अवस्थेत फाइल पुन्हा साठवू नये.

गुरुजींची फाइल पहिल्या प्रकारची. सुदैवाने तिच्या प्रती त्यांनी वर्डमध्येही ठेवल्या होत्या. त्या लिबरऑफिसमध्ये उघडल्या आणि टंकाचे नाव कळले. टंकाची फाइलही तबकडीवर सापडली. फाँटफोर्ज या मुक्त आज्ञावलीत ती उघडली, की कोणत्या घरात कोणता तुकडा आहे ते शाळेच्या हजेरीपटासारखे समोर दिसते. त्यावरून आम्ही कोष्टक लिहिले. घरे बदलायची, वेलांटी उजवीकडे न्यायची, रफार डावीकडे. दोन संध्याकाळींत मराठी दिसू लागली.

मग चुका दिसू लागल्या. नोंदी काही वेळा मुलांनीही टंकलिखित केल्या होत्या, आणि मुलांनी ‘ख’ची कळ न सापडल्याने ‘र’ आणि ‘व’ जवळजवळ लिहून वेळ मारून नेली होती. कागदावर ते खपून गेले. आता ‘खरीप’चे ‘रवरीप’ झाले. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने ‘रव’ दिसेल तेथे ‘ख’ करणारा नियम घातला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी फोनवर विचारले, “सर, हा खिवार कोणता वार हो?” आमच्या नियमाने नऊ वर्षांचे सगळे रविवार खाल्ले होते, ‘परवा’चा ‘पखा’ आणि ‘हिरवा’चा ‘हिखा’ केला होता. नियम काढून टाकला, मराठी शब्दांच्या एका मुक्त यादीशी प्रत्येक शब्द ताडून पाहिला आणि जे उरले ते गुरुजींनी डोळ्यांनी वाचले. संहिता आमच्या हातात होती म्हणून चूक आमचीच आणि दुरुस्तीही आमचीच.

एकोणीस ओळी अजून लागलेल्या नाहीत. बाकीच्या शेऱ्यांत मापक बैलाने आडवे केल्याचे आहे, गडावरच्या यात्रेमुळे शाळा बंद असल्याचे आहे, आणि जुलैतल्या एका शून्यापुढे ‘मापकात बेडूक, पाणी मोजले नाही’ असे आहे. गुरुजींनी तेथले शून्य काढून आडवी रेघ मारली.