तळघरातला हिशेब

अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारांत निळसर काचेच्या बरण्या हमखास विकायला असतात. त्यांच्या पोटावर उठावाच्या अक्षरांत एक तारीख दिसते: 30 नोव्हेंबर 1858. गिऱ्हाईक हरखते, दीडशे वर्षांपूर्वीची चीज हाती लागली म्हणून. दुकानदारही सहसा त्याचा भ्रम मोडत नाही. ती तारीख बरणी घडवल्याची नाही, पेटंटची आहे. पेटंटची मुदत 1879 साली संपली, तरी पुढची कित्येक दशके वेगवेगळे कारखाने तीच ओळ साच्यात कोरत राहिले. त्या तारखेवर बायकांचा विश्वास बसला होता आणि विश्वासाला गिऱ्हाईक असते.

पेटंट घेतले होते जॉन लँडिस मेसन या न्यू जर्सीत जन्मलेल्या, अवघ्या 26 वर्षांच्या पत्राकाम करणाऱ्या कारागिराने. कल्पना साधी होती. बरणीच्या गळ्याला काचेतच आटे पाडायचे आणि त्यावर जस्ताचे झाकण फिरवून घट्ट करायचे. त्याआधी पत्र्याची चकती ठेवून कडेने वितळलेली लाख ओतावी लागे. हात पोळत, लाखेचे तुकडे फळांत पडत आणि एवढे करूनही आत हवा शिरली की काय हे डिसेंबरात बरणी उघडल्याशिवाय कळत नसे. मेसनच्या झाकणाने ही कटकट मिटवली. त्याला स्वतःला मात्र त्यातून फारसे मिळाले नाही. हक्क दुसऱ्यांच्या हाती गेले आणि 1902 साली तो दारिद्र्यात वारला.

या बरणीचे मोल कळायला उत्तरेचा हिवाळा डोळ्यांपुढे आणावा लागतो. व्हरमाँट, आयोवा, मिनेसोटा अशा राज्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिले दहिवर गोठते आणि एका रात्रीत परसातला टोमॅटो काळा पडतो. तिथपासून पुढच्या मे-जूनपर्यंत मळ्यातून काही यायचे नाही. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी होते ती वैशाखाच्या उन्हावर. पापड, कुरडया, सांडगे, सोले, सुकी मासळी, सगळे ऊनच करून देते. ते ऊन तिथल्या ऑक्टोबरात मिळत नाही. सफरचंदाच्या चकत्या आणि घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवून चुलीशेजारी वाळवल्या जात, डुकराचे मांस मिठात पडे, कोबी पिंपात आंबे. बाकी सारी मदार तळघरावर.

तळघर हे एक शास्त्रच होते, आणि त्याची जाण पुस्तकातून येत नसे. गाजर आणि बीट ओलसर वाळूत पुरायचे, कारण त्यांना जवळजवळ गोठणबिंदूची थंडी आणि दमट हवा लागते. कांदा त्याच ओलीत कुजतो, म्हणून तो कोरड्या जागी टांगायचा. भोपळ्याला थंडी सोसत नाही, त्याची जागा वर, घराच्या एखाद्या गार खोलीत. सफरचंदे बटाट्यांपासून लांब, नाहीतर बटाट्याला कोंब फुटतात. पिकणाऱ्या सफरचंदातून इथिलीन वायू निघतो, हे कारण फार उशिरा कळले. पण लांब ठेवायची रीत आधीपासून होती. दर आठवड्याला खाली उतरून नासके फळ वेचून काढायचे. इतके करून मार्चपर्यंत ताटात उरे ते खारे मांस, पाव, बटाटा आणि मऊ पडलेले गाजर. अशा घरात ऐन थंडीत पीचची एक बरणी उघडणे म्हणजे काय, ते सांगायला नको.

उकळून, हवाबंद करून अन्न टिकवायची मूळ युक्ती फ्रान्सची. पॅरिसचा मिठाईवाला निकोला आपेर याने 1795च्या सुमारास प्रयोग सुरू केले. जाड काचेच्या बाटलीत अन्न भरायचे, बूच ठोकून तारेने आवळायचे आणि बाटली पाण्यात तासन्‌तास उकळायची. सरकारने 1810 साली त्याला 12,000 फ्रँक दिले, अट एवढीच की कृती छापून सर्वांना खुली करावी. ती त्याने केली. अन्न का टिकते, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याचे उत्तर पाश्चरने दिले, तेही अर्धशतकानंतर. याच फटीत पुढचा सगळा घोटाळा दडलेला होता: कृती आधी घरोघर पोचली, कारण मागाहून आले.

मेसनचे पेटंट संपल्यावर बरण्यांचा धंदा मोकळा झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात बॉल आडनावाच्या पाच भावांनी 1880 साली काकाकडून 200 डॉलर उसने घेऊन डबे करायला सुरुवात केली होती. चार वर्षांनी ते काचेकडे वळले. 1886 साली कारखाना जळाला. त्याच सुमारास इंडियाना राज्यात जमिनीखाली नैसर्गिक वायू सापडला होता आणि तिथली गावे कारखानदारांना जमीन आणि फुकट वायू देऊ करत होती. काचेच्या भट्टीला आणखी काय हवे? 1888 पासून मन्सी गावात बॉलच्या बरण्या निघू लागल्या. वायू लोकांनी बेफाम उधळला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो संपत आला, पण कंपनी टिकली. गंमत अशी की याच कंपनीच्या एका शाखेने पुढे जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या आरशांचे काम केले. बरण्यांचा विभाग मात्र तिने 1993 साली वेगळा काढून दिला.

1915 च्या सुमारास अलेक्झांडर केर याच्या कंपनीने दोन भागांचे झाकण आणले. पत्र्याची चपटी चकती, तिच्या कडेला चिकटवलेला मऊ लेप, आणि ती दाबून धरायला आट्यांचे कडे. बरणी गार होताना चकती आत ओढली जाते आणि टक्‌ असा आवाज येतो. स्वयंपाकघरात रात्री एकामागून एक येणारे ते आवाज ऐकून बरण्या मोजायची सवय आजही तिथल्या बायकांना आहे. आवाज आला नाही ती बरणी दुसऱ्या दिवशी जेवणात संपवायची.

इथवरची गोष्ट यशाची. पण फळांना जे जमले ते भाजीला जमेना. पीच, सफरचंद, आंबट चेरी उकळत्या पाण्यातून काढल्या की वर्षभर टिकत. फरसबी, मका, मटार मात्र बिघडत. झाकण फुगे, पाणी गढूळ होई, कधी बरणी फुटे. बायकांना वाटे, आपलाच हात हलका पडला. बाजारात बोरिक ॲसिड मिसळलेल्या पुड्या मिळत, त्या टाकल्या की भाजी टिकते म्हणून. कृषी खात्याने 1909 साली काढलेल्या पत्रकात आणखी एक उपाय होता: भाजीची बरणी ओळीने तीन दिवस रोज तासभर उकळायची. पहिल्या दिवशी जंतू मरतात, उरलेले बीजाणू रात्रीतून उगवतात, ते दुसऱ्या दिवशी मरतात, आणि राहिलेसाहिलेले तिसऱ्या दिवशी. तर्क बिनतोड वाटतो. ऑगस्टच्या उकाड्यात, लाकडाच्या चुलीपाशी, तीन दिवस. सल्ला देणाऱ्याने ती चूल स्वतः फुंकली असेल असे वाटत नाही.

शत्रू कोण, हे बेल्जियममध्ये उमगले होते. डिसेंबर 1895 मध्ये एल्झेल गावात एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेले हॅम खाल्ले आणि ते आजारी पडले, तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या प्राध्यापकाने त्या मांसातून बॉट्युलिझमचा जंतू शोधून काढला. हा जंतू हवा नसेल तिथे वाढतो. म्हणजे घट्ट झाकणाची बरणी, जी बाकीच्या जंतूंना बाहेर ठेवते, ती याला घर बांधून देते. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. त्यांना मारायला 121 अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते, आणि तेवढी उष्णता पाण्यातून दाबाशिवाय मिळत नाही. आपल्या शिट्टीच्या कुकरचे तत्त्व तेच. मोठ्या दगाफटक्याची बाब ही, की विष झालेल्या बरणीला वास किंवा वेगळी चव असेलच असे नाही.

आंबटपणा हा या जंतूचा वैरी. पीएच 4.6च्या खाली तो वाढत नाही. फळे का टिकत आणि फरसबी का नाही, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. कोकणात हापूसचा रस बाटल्यांत भरून, बूच मारून, मोठ्या पातेल्यात उकळून ठेवतात, किंवा मे महिन्यात उरलेला माल ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणून किलोवर कारखान्याला जातो. तिथेही ही आंबट बाजूच राखण करते. टोमॅटो मात्र काठावर बसलेला. म्हणून आता त्याच्या दर क्वार्टच्या, म्हणजे जवळपास लिटरभराच्या, बरणीत दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घालायला सांगतात.

हे ज्ञान प्रयोगशाळेतून चुलीपर्यंत नेले ते मुलींनी आणि गावोगाव हिंडणाऱ्या शिक्षिकांनी. साउथ कॅरोलायनाच्या एकन जिल्ह्यात मेरी क्रोमर या शाळामास्तरीणबाईंनी 1910 साली मुलींचे टोमॅटो मंडळ काढले. प्रत्येक मुलीने एकराच्या दहाव्या हिश्शात टोमॅटो लावायचे, स्वतः डबाबंद करायचे आणि विकायचे. ही मंडळे दक्षिणेत झपाट्याने पसरली. त्या मुलींच्या हाती स्वतःचा असा बहुधा पहिलाच पैसा आला, आणि इतिहासकारांनी बरणीपेक्षा या पैशाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. 1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने अशा शिकवणीला सरकारी पाठबळ मिळाले. कृषी विस्तार खात्याच्या बाया आता घरोघर जाऊन बरणी कशी भरावी ते शिकवू लागल्या.

त्यांनी शिकवलेली दुसरी गोष्ट म्हणजे हिशेब. पाच माणसांच्या घरात टोमॅटो आठवड्यातून दोनदा, दर वेळी एक क्वार्ट, आणि मळा बंद असतो समजा 35 आठवडे. म्हणजे 70 क्वार्ट टोमॅटो. तसाच घेवडा, तसाच मका, तशीच फळे. पत्रकांत याला ‘कॅनिंगचे बजेट’ म्हणत. एप्रिलात बी किती पेरायचे ते या आकड्यावरून ठरे. तळघरातल्या फळ्यांवर बरण्या तारखेनिशी लागत, जुनी पुढे, नवी मागे. मंदीच्या काळात फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याच्या छायाचित्रकारांनी अशा कितीतरी फळ्या टिपल्या. डोरोथिया लँगने ऑक्टोबर 1939 मध्ये ओरेगनच्या मॅल्हूर जिल्ह्यात एका शेतकरीणबाईला तिच्या तळघरात उभे करून काढलेला फोटो पाहावा. खिशात पैसा नसलेल्या घराची श्रीमंती छतापर्यंत रचलेली आहे.

मग युद्ध आले. पहिल्या महायुद्धात भिंती पत्रकांनी रंगल्या होत्या, एकात तर चक्क जर्मन सम्राट कैसरलाच बरणीत कोंबलेले दाखवले होते. दुसऱ्या महायुद्धात हे प्रकरण चेष्टेवारी नेण्यासारखे राहिले नाही. जपानने मलाया घेतल्यावर कथिलाचा पुरवठा आटला आणि मार्च 1943 पासून बाजारचे डबे रेशनवर आले. परसातल्या भाजीला मात्र रेशनचे गुण-शिक्के लागत नव्हते. देशभर सुमारे 2 कोटी ‘विजय बागा’ फुलल्या. साखरही रेशनवर होती, पण चार क्वार्ट फळे भरणाऱ्या घराला एक पौंड जादा साखर मिळे. प्रेशरचे मोठे कुकर पुरेनात, तेव्हा शेजारणींनी वर्गणी काढून एक घेतला, किंवा शाळेच्या स्वयंपाकघरात सामुदायिक केंद्रे उघडली. त्या वर्षी अमेरिकेतल्या चारपैकी तीन कुटुंबांनी घरी अन्न भरले, सरासरी 165 बरण्या. तेवढ्या बरण्या त्या देशात त्याआधी कधी भरल्या नव्हत्या.

युद्धानंतर घरात फ्रीझर आला, सुपरमार्केट आले, आणि फळ्या रिकाम्या होत गेल्या. महागाई वाढली किंवा भीती पसरली की बरण्या परत येतात: 1975 साली झाकणांची एवढी टंचाई झाली की अमेरिकी काँग्रेसपुढे सुनावणी झाली, आणि 2020 च्या करोनाकाळातही झाकणे दुकानांतून गायब झाली. परत येताना मात्र त्या आजीची कृती घेऊन येतात, विस्तार खात्याच्या बाईंची नाही. 1977 साली मिशिगनमधल्या एका उपाहारगृहात घरी भरलेल्या हॅलापेन्यो मिरच्यांमुळे पन्नासहून अधिक लोकांना बॉट्युलिझम झाला. एप्रिल 2015 मध्ये ओहायोच्या लँकेस्टर गावी चर्चच्या सहभोजनात बटाट्याची कोशिंबीर होती. 29 जण आजारी पडले, एक बाई गेली. कोशिंबिरीतले बटाटे घरीच बरणीत भरलेले होते, साध्या उकळत्या पाण्यात.

कृषी खात्याचे तक्ते आज कोणालाही फुकट पाहता येतात. बटाट्यांसाठी त्यांत उकळत्या पाण्याचा रकानाच नाही. क्वार्टची बरणी असेल तर प्रेशर कॅनरमध्ये 40 मिनिटे, एवढीच नोंद आहे.